बाबांचा शब्द सांभाळणारा पॅड

"कागद नुसता जपून ठेवू नकोस गं, एकदा दादालाही वाचून दाखव," शेजारच्या नर्सबाई बाबांच्या धाकट्या लेकीला म्हणाल्या होत्या. धाकटीने लेकीच्या तोंडात घास कोंबत विषय उडवून लावला. "अहो, बाबा ठणठणीत आहेत. आत्तापासून कशाला असलं अभद्र?" तो कागद माझ्याच चापात होता, म्हणून मला नीट आठवतं.

मित्रांनो, मी आहे लिहिण्याचा एक जुना पॅड. कोपरे झिजलेले, चाप गंजलेला. कारखान्यात माझ्यासारखे शेकडो एका दिवसात कापले गेले, पण मी आलो तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या बाबांच्या काखेत. तीस वर्षं ग्रीसचे डाग अंगावर घेत गच्च्यागच्च्यांवर हिंडलो. कामाला हात लावण्याआधी बाबा मेन स्विच बंद करून त्यावर पाटी अडकवायचे: 'माणूस आत आहे. पाटी मीच काढीन.' खाली एका जोडीदाराचं नाव असे. बाबाच बोलण्याच्या अवस्थेत नसले, तर पाटी काढायचा निर्णय त्याचा. साहेब इतरांना म्हणायचे, "यांचा पॅड बघा, म्हणजे काम कळेल!" माझी छाती फुगायची.

बाबा निवृत्त झाले आणि मी फ्रिजवर धूळ खात पडलो. मग नातीने माझ्यावर मांजरं काढली. तेही बरंच होतं म्हणा. एके दिवशी बाबांनी मला पुसलं, कोरा कागद लावला आणि सकाळभर लिहिलं. दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, त्यातली एक नर्सबाईंची, आणि नोटरीचा शिक्काही बसला.

"जोडीदार म्हणून तुझं नाव टाकलंय. चालेल ना?" त्यांनी धाकटीला विचारलं.

तिने शेवटपर्यंत न वाचताच मान डोलावली. कागदावर पुन्हा मांजरं चढली.

वर्षभराने बाबांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. त्यांचा श्वास मशीनवर चालू होता. शुद्ध परत येण्याची आशा नाही, असं दोन डॉक्टरांनी सांगितलं. दादा कडाडला, "मशीन काढायचं नावसुद्धा काढू नका!" कागद दाखवला तर बाबांना मीच मारलं असं होईल, या भीतीने दोन दिवस धाकटीने मला पिशवीतून बाहेरच काढलं नाही. तिसऱ्या सकाळी तिने बाबांचे सुजलेले हात पाहिले. मग मात्र तिने मांजरांचे कागद बाजूला सारले आणि डॉक्टरांसमोर, दादासमोर, मोठ्याने वाचायला घेतलं.

"मी परत शुद्धीवर येणार नसेन, तर मला मशीनवर अडकवून ठेवू नका. वेदना तेवढ्या होऊ देऊ नका. माझ्या वतीने धाकटी बोलेल. थोरल्याचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही. त्याचा माझ्यावर फार जीव आहे. हे ओझं त्याच्या खांद्यावर नको."

डॉक्टरांनी चष्मा काढून हातात धरला. मित्रांनो, मी आयुष्यभर नुसते नटबोल्टचे शेरे वागवले. ज्याची पापणीही हलत नव्हती, तो माणूस आपल्या गोंधळलेल्या लेकरांची समजूत घालतो आहे, हे मी त्या दिवशी पाहिलं. माझ्या गंजक्या चापात एवढं मोठं काही इतके दिवस होतं, आणि मला त्याचं वजनही जाणवलं नव्हतं!

दादा भिंतीला टेकून खाली बसला. "आधी का नाही गं दाखवलंस? दोन दिवस मी भांडत बसलो. नुसता त्यांचा हात धरून बसलो असतो."

धाकटी त्याच्या शेजारी जमिनीवर येऊन बसली.

डॉक्टरांच्या समित्यांनी मान्यता दिल्यावर दुसऱ्या दिवशी मशीन काढलं. बाबांना त्रास होऊ नये म्हणून औषध चालू होतं. दुपारपर्यंत बाबांचा हात दादाच्या हातात होता. मग ते शांतपणे गेले.

दादाचे ते दोन दिवस मात्र कुणालाच परत देता येत नाहीत. म्हणून धाकटीने तुमच्यासाठी एक निरोप दिला आहे: "तुमच्या घरातही 'माझं काय, मी बरा आहे' एवढंच म्हणणारं कुणीतरी असेल. आज त्यांच्याजवळ जाऊन बसा. पुढे बोलता आलं नाही तर काय करायचं, ते त्यांनी कुणाला सांगून ठेवलंय का, विचारा. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा. जाल ना?"