बटणांच्या डब्यातला पॉइंट

मी एक जुना पॉइंट आहे आणि मित्रांनो, मला राग आलेला आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तूने ती विनयाने सांगावी, हे मी जाणतो. परंतु ज्याच्या माथी वर्षानुवर्षे दुसऱ्याचा दोष मारला गेला, त्याने विनय कोठून आणावा?

पॉइंट म्हणजे काय, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. जुन्या मोटारीच्या इंजिनाला एक काळे टोपण असते. त्या टोपणाखाली माझा निवास होता. माझा देह तो केवढा! करंगळीएवढी पट्टी आणि तिला धातूचे दोन चिमुकले ओठ. इंजीन फिरू लागले की मधल्या दांड्याचे उंचवटे माझी टाच ढकलीत, तसे हे ओठ मिटत व उघडत. ते उघडले की प्लगमध्ये ठिणगी पडे आणि त्या ठिणगीने पेट्रोल पेटे. ओठांमधील फट बरोबर असली तर गाडी गुणगुणत धावे. चुकली की दमेकऱ्यासारखी खोकू लागे. एवढी थोर मोटार माझ्या उघडझापीवर चाले, पण लोक हात फिरवीत ते तिच्या चकचकीत दिव्यांवर!

आमचे मालक शिवणकाम करीत. सारा गाव त्यांना मास्तर म्हणे. पूर्वी त्यांनी मला फार जपले, हे मी नाकारणार नाही. माझे भाईबंद झिजले की उकिरड्यावर जात. मास्तर मला बारीक कानसेने घासत, टाचेला वंगणाचे बोट लावत. दर रविवारी दुकान बंद असे, तेव्हा ते चावी चालू करीत, टोपण उघडीत आणि नखाने माझे ओठ विलग करीत. टिच्! निळी ठिणगी उडे. "जिवंत आहे रे गडी!" असे म्हणून ते चावी बंद करीत व मग चहाला जात. ठिणगी पाहिल्याशिवाय चावी बंद करायची नाही, असा त्यांचा नेमच होता. हा नेम ध्यानात ठेवा. पुढे त्यानेच घात केला.

काळ लोटला. मास्तरांचे हात कापू लागले. सुईत दोरा ओवण्यास ते गिऱ्हाइकांना सांगू लागले, पण निमित्त चष्म्याचे करीत. माझी फट लावताना मापाची पातळ पाती त्यांच्या बोटांत थरथरे. स्क्रू आवळताना हात हले, फट चुके आणि गाडी रस्त्यात बंद पडे. मग मास्तर चारचौघांत काय म्हणत? "पॉइंटच हलकट निघाला!"

माझा संताप संताप होई. मला जीभ असती, तर मी भर चौकात ओरडून सांगितले असते.

एके दिवशी कहर झाला. मास्तरांच्या पत्नी मागे बसलेल्या असताना गाडी रेल्वेच्या फाटकात, ऐन रुळांवर बंद पडली. फाटकवाला शिट्टी फुंकीत धावला. सायकलवरल्या दोघांनी सायकली टाकून गाडी ढकलली, म्हणून निभावले. घरी येताच बाईंनी पिशवी आदळली.

"आता पुन्हा बंद पडली, की भंगारवाल्याला देणार! एक तर ही गाडी राहील, नाहीतर मी!"

"अगं, पॉइंटने दगा दिला, त्याला मी काय करू?"

"तुमच्या पॉइंटला चुलीत घाला!"

त्यांची थोरली लेक लिफ्ट दुरुस्तीचे काम करीत असे. बापाचा जीव गाडीत आहे, हे ती ओळखून होती. तिने इलेक्ट्रॉनिक इग्निशनची एक डबी आणली. हिला ओठ नाहीत, फट नाही, घासणे नाही. लोहचुंबकाच्या इशाऱ्यावर ती ठिणगी पाडते. लेकीने मला उपटून तिला माझ्या जागी बसवले.

"बाबा, एकच सांगते. इंजीन बंद असताना चावी चालू ठेवायची नाही. डबी जळेल."

"मला शिकवतेस होय? तू पाळण्यात होतीस तेव्हापासून ही गाडी हाकतोय मी!"

मला मास्तरांनी बटणांच्या डब्यात टाकले. ज्याने आयुष्यभर ठिणग्या पाडल्या, तो सदऱ्याच्या बटणांत लोळू लागला! त्यातून डबीचे कौतुक कानी येई: गाडी पहिल्या हाकेला उठते, चढावर दमत नाही. हे सर्व खरे होते, म्हणूनच माझा अधिक जळफळाट होई.

मग तो रविवार आला. मास्तरांनी सवयीने चावी चालू केली व टोपण उघडले. आत नखाने उघडण्याजोगे काहीच नव्हते. ठिणगी दिसली नाही, म्हणून चावी बंद करण्याची आठवणही झाली नाही. ते हिरमुसून चहाला गेले आणि तेथेच गप्पांत रमले. संध्याकाळी बाई पिशवी घेऊन गाडीत बसल्या. त्यांना बहिणीकडे जायचे होते. तोवर डबी जळून गेली होती. गाडी हूं की चूं करीना.

"झालं! बोलवा भंगारवाल्याला," बाई म्हणाल्या.

लेकीने आत वाकून पाहिले. चावी चालूच होती. ती काही बोलण्याआधी मास्तर धावत गेले आणि बटणांचा डबा घेऊन आले. मला पाहताच ते म्हणाले, "हा आहे ना! आत्ता बसवतो."

त्यांनी मला जागेवर ठेवले. परंतु स्क्रू बोटांतून निसटला. पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. पाती थरथरत माझ्या ओठांवर टकटक वाजू लागली. लेक पाहत राहिली. बाईही गाडीतून उतरल्या.

मास्तरांनी पाती लेकीपुढे धरली. "तू कर गं. हात राहिले नाहीत माझे. हा पॉइंट कधीच वाईट नव्हता."

"म्हणजे?" बाईंचा स्वर चढला. "फाटकात माझा जीव टांगलात, तो हात कापतात हे सांगायची लाज वाटली म्हणून? अहो, मला सांगायचंत! मी काय गावभर दवंडी पिटली असती?"

मला वाटले, बोला बाई, अजून बोला!

मग मास्तर लेकीला हळूहळू सांगू लागले. "माझी टाच उंचवट्यावर आण," असे म्हणून स्वतःच दचकले. "माझी नव्हे, ह्याची. हां. आता पाती सरकव. कापडावरून खडू ओढतो ना, तशी लागली पाहिजे. सैल नको, अडकायलाही नको." लेकीच्या हाताने फट बरोबर लागली. चावी फिरली आणि मी पहिल्या झटक्यात इंजीन उठवले. बाई दार ओढून आत बसल्या. भंगारवाल्याचे नाव कोणी काढले नाही. मात्र त्यांनी हुकूम सोडला, "स्टिअरिंगवर थोरली बसेल. तुम्ही मागं या, माझ्याशेजारी."

पुढे दुसरी डबी आली. मी आता गाडीच्या खणात, चष्म्याच्या जुन्या घरात तेल लावून ठेवलेला आहे. सेवा संपली, याचे मला दुःख नाही. माझ्याहून चांगली वस्तू आली, तर तिने माझी जागा जरूर घ्यावी. पण मित्रांनो, "हा वाईट निघाला" असे म्हणून कोणाला काढू नका. तुमचे यंत्र बिघडले, तर त्याला शिवी देण्याआधी एकदा आपल्या हातांकडे पाहा. आणि हात कापत असतील, तर घरच्यांना सांगा. आम्ही मुक्या वस्तू तुमचा दोष मुकाट्याने वाहतो खरे, पण मागे बसलेल्या बाईंना रुळांवरून ढकलून नेणे आमच्या हाती नसते.