माझ्या पोटातलं शिळं पाणी

मी एक जुनी निरीक्षण-विहीर आहे. मित्रांनो, विहीर म्हटल्यावर तुम्ही लगेच काठ, पायऱ्या आणि दोर शोधाल. शोधू नका. मी म्हणजे जमिनीत उभा पुरलेला, वीतभरही रुंद नसलेला प्लास्टिकचा पाइप. माझं पाणी कुणी पीत नाही. ते काढून तपासायचं आणि कारखान्यातलं काही जमिनीत झिरपतंय का ते ओळखायचं, एवढ्यासाठी माझा जन्म. किती साधं काम! पण ते माझ्याकडून कुणी नीट करून घेईल तर शपथ.

मला खोदताना मात्र फार काळजी घेतली होती. धातूवर क्रोमची चकाकी चढवणारी शेड माझ्या एका बाजूला आणि कारखान्याची भिंत दुसऱ्या बाजूला. जमिनीखालचं पाणी शेडकडून भिंतीकडे सरकतं, म्हणून मुद्दाम मधली जागा निवडली. माझ्या तळाशी बारीक चिरा पाडल्या, भोवती धुतलेली वाळू भरली, तोंडावर लोखंडी झाकण बसवलं. खोदून घेणारे वयस्कर भूजलतज्ज्ञ मला थोपटून म्हणाले, "ही खोटं बोलणार नाही. फक्त हिला नीट विचारा."

नीट विचारायचं म्हणजे काय, तेही सांगते. ताजं पाणी चिरांमधून तळाशी येत-जात असतं. वरचं पाणी मात्र पाइपात नुसतं उभं राहतं, शिळं होतं. ते आधी उपसून टाकायचं, ताजं वर येऊ द्यायचं आणि मग बाटली भरायची. पहिली काही वर्षं लोकांनी तसं केलंही.

मग नवे मोठे साहेब आले. त्यांना ही जागा बोडकी वाटली. झालं, माझ्याभोवती फुलांचा ताटवा उभा राहिला! माळीकाका मनाने चांगले, पण त्यांनी माझं झाकण उचललं आणि साहेबांच्या दारातल्या कुंडीखाली ठेवलं. "काय मापात बसलंय," असं वर स्वतःचंच कौतुक. तेव्हापासून रोज रबरी नळीने बागेला नळाचं पाणी मिळू लागलं, आणि त्यातलं बरंचसं माझ्या उघड्या तोंडात पडू लागलं.

नमुने घ्यायला प्रयोगशाळेचा एक माणूस येई. तो वाऱ्यासारखा येई नि जाई, म्हणून सगळे त्याला वादळभाऊ म्हणत. गाडीचं इंजिनसुद्धा बंद न करता तो दोरीला बांधलेली नळी माझ्यात सोडी, वरवरचं पाणी बाटलीत भरी आणि पसार होई. अहवालात मी नेहमी निर्मळ. साहेब पाहुण्यांना माझ्यापाशी आणून माझी तारीफ करत. नळाचं पाणी नळाइतकं स्वच्छ निघालं, यात माझं कसलं आलंय कौतुक?

हे सगळं मी मुकाट्याने सोसलं असतं. पण भिंतीपलीकडे वॉचमनदादांचं घर होतं आणि घरासमोर हापसा. एकदा त्यांनी वादळभाऊला अडवलं.

"भाऊ, घरात रांगतं बाळ आहे. बायको म्हणते, हापशाचं नको, लांबच्या नळावरून पाणी आणू. आणावं का?"

"कशाला पायांचे तुकडे पाडून घेताय? इथलं पाणी एकदम फर्स्टक्लास. माझ्या हातचा रिपोर्ट आहे."

"मग मी तिला तसं सांगतो. माझं ऐकत नाही, रिपोर्टचं तरी ऐकेल."

आणि तेव्हा माझ्या तळाच्या चिरांमधून शेडमधल्या विषारी क्रोमने पिवळसर झालेलं पाणी आत येत होतं, भिंतीकडे निघून जात होतं. मित्रांनो, पाइपाला ओरडता येत नाही, हे त्या दिवशी मला फार जाचलं. रोज पहाटे हापशाचा खडखडाट मातीतून माझ्यापर्यंत येई आणि माझा जीव खाली-वर होई.

पुढे वादळभाऊची बदली झाली आणि त्याच्या जागी एक तरुण रसायनतज्ज्ञ आली. तिने पहिलीच नळी वर काढली, वास घेतला आणि थबकली.

"काका, भूजलाला क्लोरीनचा वास कसा? तो तर नळाच्या पाण्याला येतो. हिचं झाकण कुठंय?"

"साहेबांच्या कुंडीखाली," माळीकाका म्हणाले. "तिथं शोभून दिसतं, ताई."

"आणि इथं काय शोभतंय? तुमची नळी?"

तिने छोटा पंप लावला आणि उपसायला सुरुवात केली. बादल्यांवर बादल्या भरल्या. माळीकाका हसून म्हणाले, "ताई, पाताळ कोरडं करणार का आज?" तिने पुढची बादली लावली. थोड्या वेळाने त्यांचं हसू थांबलं, कारण पंपातून पिवळसर पाणी पडू लागलं होतं.

वॉचमनदादा शेजारीच उभे होते. हातात घरून भरून आणलेली बाटली होती. त्यांनी बादलीकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं आणि फोन लावला. "ऐक. हापशाचं पाणी बाळाला देऊ नकोस. कुणीच पिऊ नका. तुझंच खरं होतं गं."

रसायनतज्ज्ञ ताईने हापशाचाही नमुना नेला. त्यात क्रोमियम नुकतंच उतरू लागलं होतं. शेडमधली गळकी टाकी रिकामी झाली, बाळाची तपासणी झाली, ते ठणठणीत निघालं. वॉचमनदादांच्या दारात आता दुसरीकडून पाणी येतं. माझं झाकण परत आलं, तेही कुलपासकट. माळीकाका अजून कुरकुरतात की साहेबांची कुंडी डुगडुगते. डुगडुगू दे.

मित्रांनो, माझ्याभोवती फुलं लावू नका, मला रंग देऊ नका, पाहुण्यांपुढे माझी स्तुती तर मुळीच करू नका. माझं तोंड झाकून ठेवा आणि मला काही विचारायचं असेल, तर शिळं पाणी उपसण्याइतकी सवड काढून या.

मला शाबासकी एकदाच मिळाली. पिवळं पाणी उपसलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीसारखी जीव मुठीत धरून वाट पाहत होते. मातीतून हापशाचा आवाज आला नाही.