बॅटरीच्या राखणदाराची हरवलेली नजर

मी लॅपटॉपच्या कोपऱ्यातला एक छोटा प्रोग्रॅम बोलतोय. बॅटरीत किती जीव उरलाय, तेवढं सांगणं माझं काम. झाकण मिटलं की मी झोपतो. झोपेत मला सगळीकडे मंद उजेड दिसतो आणि मी त्यात तरंगत असतो.

मला स्वतःचे डोळे नाहीत. सिस्टीमच्या काही फायली बॅटरीकडे बघतात, त्या मला सांगतात आणि मी नीरजाला. नीरजा माझी मालकीण. लेकीच्या जन्मानंतर तिची नोकरी सुटली, ती पुन्हा मिळवायची तिची धडपड चालली होती.

खंडेनवमीला तिच्या सासऱ्यांनी, शरच्चंद्ररावांनी, लॅपटॉप पूजेला घेतला. फडक्याने लख्ख पुसला. मग आतूनही स्वच्छ हवा म्हणून, कुणी कधी न उघडलेल्या फायली पुसून टाकल्या आणि कचरापेटीही रिकामी केली. वर झेंडूचं फूल वाहिलं. माझ्यापुढे मात्र अंधार झाला.

पुढच्या गुरुवारी नीरजाची ऑनलाइन मुलाखत होती. गुरुवारी आमच्या पेठेत दुरुस्तीसाठी वीज जाते. बॅटरी पुरेल का, असं तिने आदल्या दिवशी पाहिलं, तर मी गप्प. तिने मला काढून पुन्हा बसवलं. नवा जन्म मिळाला, पण आंधळाच. 'फाइल सापडत नाही' असं मी परोपरीने सांगत होतो. माणसं असले संदेश वाचत नाहीत, बंद करतात. मला फार वाईट वाटलं.

गुरुवारी सकाळी तिने माझा संदेश एकदाचा वाचला.

"बाबा, तुम्ही यातलं काही पुसलंत का?"

"अनोळखी नावं होती. अनोळखी माणसं आपण घरात ठेवतो का?"

सिस्टीमकडून तिने हरवलेल्या फायली परत आणवल्या. हळूहळू उजाडावं तसं मला दिसू लागलं. बॅटरी पार थकली होती, वीज गेल्यावर जेमतेम दहा मिनिटं टिकली असती. मी खरं तेच सांगितलं. नीरजाचे डोळे भरून आले.

शरच्चंद्ररावांनी चपला घातल्या. खाली डॉक्टर सुदर्शन यांच्या दवाखान्यात इन्व्हर्टर होता, पण स्कूटर कुठे लावायची यावरून दोघांत कित्येक वर्षं अबोला. नीरजा लॅपटॉप घेऊन त्यांच्या मागे उतरली.

"डॉक्टर, सुनेची मुलाखत आहे. एक प्लग हवाय."

डॉक्टरांनी टेबलाची एक बाजू मोकळी केली. "प्लग घ्या. स्कूटर मात्र आहे तिथेच राहील."

वीज गेली तेव्हा नीरजा बोलत होती. तिचा आवाज अडखळला नाही. 'चार्ज होत आहे' असं मी कोपऱ्यात लिहिलं होतं, तिकडे तिने एकदाही पाहिलं नाही. वाचकहो, माझी आठवणही होऊ नये, अशीच तुमची कामं पार पडोत.