बरं झालेलं फडकं

बल्ब पेटला आणि अख्खा हॉल "अहाहा!" करत उठून उभा राहिला. एका आजोबांच्या तळहातावर, ना वायर ना होल्डर, नुसता बल्ब, तोही लख्ख पेटलेला!

"गेला! गुडघ्यातला अंधार गेला!" तेजबाबा गरजले. आजोबा लंगडतच जागेवर परतले, पण टाळ्यांच्या कडकडाटात तिकडे बघायला सवड कोणाला होती!

बाबांची रीत ठरलेली. आधी रोग्याच्या हातावर बल्ब ठेवायचा. पेटत नाही. "बघा, शरीरातला प्रवाह तुटलाय!" मग डोळे मिटून पुटपुटायचं, तळहातावर 'तेजोजल' शिंपडायचं आणि बल्ब पुन्हा ठेवायचा. पेटला, की माणूस बरा! "आता गोळ्या बंद. प्रवाहाच्या वाटेत दगड कशाला टाकता?"

माझी वहिनी अशीच 'बरी' झाली होती. तिनं फिट्सच्या गोळ्या सोडल्या आणि शिलाई मशीनवर काम करतानाच तिला फिट आली. सुई बोटातून आरपार गेली. तरी तिचं आपलं एकच, "बाबा म्हणाले, जुना अंधार बाहेर पडतोय." दादानं हात टेकले. मी बल्बची गोम सांगायला गेलो, तर म्हणाली, "भावजी, तुम्हाला जिथं तिथं वायरच दिसते!"

म्हटलं, ठीक आहे, चारचौघांतच दाखवू. धंद्यातल्या दोन दोस्तांना बोलावलं आणि रविवारी सकाळी वहिनीबरोबर हॉलमध्ये जाऊन बसलो. आजोबांच्या हातावर बल्ब पेटला, तो याच सकाळी.

उपचाराआधी उठून आपली ओळख सांगायची, असा तिथला नियम होता. बाबांना त्यातूनच बोलायला मसाला मिळायचा. माझी पाळी आली.

"मी वायरमन. वडिलांची शिडी धरता धरता काम शिकलो. घरांची फिटिंग करतो."

"वा, वा," बाबा हसले, पण जरा बेतानंच. "तू तारांतली वीज जाणतोस, मी आत्म्यातली! पुढे कोण?"

आमचा लंब्या उठला. "मीपण इलेक्ट्रिशियन. आधी नाटकाच्या थिएटरात दिवे सांभाळायचो. राजा मेला की लाल, भूत आलं की निळा. आता लिफ्ट दुरुस्त करतो."

हॉलमध्ये खसखस पिकली. बाबांनी कपाळ पुसलं. "बसा. पुढच्या ताई?"

"मी मोटारींचं वाइंडिंग करते," ताई म्हणाल्या. माझ्या दोन दोस्तांतल्या दुसऱ्या त्या ह्याच. "नवरा अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याच्याकडूनच शिकले. तो पडल्या पडल्या सांगायचा, मी तार गुंडाळायची. जळक्या मोटारीचा वास मला गल्लीच्या तोंडाशीच येतो. इथंही येतोय."

आता मात्र बाबा घाईला आले. भराभर पुटपुटले, ताईंच्या हातावर पाणी शिंपडलं, बल्ब ठेवला. पेटला. त्यांनी तो घ्यायला हात पुढे केला, पण ताईंनी मूठ मिटली.

"थांबा की! लंब्या, ते आण."

लंब्यानं कोपऱ्यातलं फरशी पुसायचं ओलं फडकं आणून टेबलावर पसरलं. ताईंनी बल्बची होल्डरात बसणारी टोपी त्यात खुपसली. लख्ख उजेड!

"अभिनंदन, बाबा!" लंब्या ओरडला. "फडकंही बरं झालं!"

हॉल खो खो हसत सुटला. वहिनी मात्र हसली नाही. ती तडक पुढे गेली. रुमालानं हात कोरडा केला, बल्बची टोपी पुसून तो तळहातावर ठेवला. अंधार. तांब्यातल्या प्यायच्या पाण्यानं तळहात भिजवला, पुन्हा ठेवला. उजेड. पुन्हा पुसला, पुन्हा भिजवला.

"भावजी," तिनं बल्ब माझ्यापुढे धरला, "हे काय आहे?"

मी बल्बचं पांढरं झाकण फिरवून काढलं. "ही बघ बॅटरी. वीज गेल्यावर चालणारा बल्ब आहे हा, दुकानात कुठंही मिळतो. टोपीची खालची बाजू आणि कडा ओल्या हातानं जोडल्या गेल्या, की पेटतो. रोग्याशी त्याचा काही संबंध नाही."

"आणि बाबा, तुमची ओळख राहिलीच की!" ताई म्हणाल्या.

बाबा दाराकडे सरकत होते. पण दारात मघाचे आजोबा काठी आडवी धरून उभे होते. "सांगा, सांगा. आम्ही सगळ्यांनी सांगितली."

"मी..." बाबांचा गरजणारा आवाज पार बसला होता. "मी बल्बच विकायचो."

दुसऱ्या दिवशी वहिनी दादाला घेऊन डॉक्टरांकडे गेली. बोलणी खाल्ली, गोळ्या सुरू केल्या. आणि शिलाईला येणाऱ्या प्रत्येकीला ती आता स्वतःहून सांगते, "दिवा पेटला म्हणून हात जोडू नका, आधी वीज कुठून आली ते विचारा. समोरचा खरा असेल तर सांगेल, खोटा असेल तर चिडेल. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. फडक्याला फिट्स येत नाहीत, बाई. आपल्याला येतात."