उन्हात मिटलेला डोळा

चेन्नईत नुंगंबाक्कमच्या कोपऱ्यावरून शाळेची व्हॅन निघाली, की ऊन थेट मैथिलीच्या तोंडावर यायचं. चार वर्षांची ती पोर खिडकीतून आजोबांकडे बघत डावा डोळा मिटायची, आणि वसंतरावही लगेच डोळा मिचकावून उत्तर द्यायचे. रेल्वेच्या कारखान्यात उभा जन्म गेलेल्या त्या तिरसट माणसाची तेवढीच एक चैन होती.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यावर पाणी फिरवलं. "लांब बघताना तिचा डावा डोळा मधूनच बाहेर सरकतो. उन्हात ती तो डोळा मिटते, ते त्यामुळेच. ऑपरेशनची घाई नको. रोज दोन तास चांगल्या, उजव्या डोळ्यावर पट्टी लावू आणि लक्ष ठेवू."

"पोरीच्या दुखण्याला मी वर्षभर खेळ समजलो!" वसंतराव घरी सुनेवर उखडले, खरं तर स्वतःवरच.

पट्टी लावायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. मैथिली ती ओढून काढायची. शेवटी त्यांनी स्वतःच्या चष्म्यावरही एक चिकटवली, तेव्हा कुठे ती नमली. व्हॅनपाशी मात्र आता ते डोळा मिचकावत नसत, नुसते तिचे डोळे न्याहाळत.

सहा महिन्यांनी एका सकाळी, भर उन्हात, तिचे दोन्ही डोळे टक्क उघडे होते. वसंतरावांना हायसं वाटलं. आणि उगीचच चुटपुटही लागली.

व्हॅन वळता वळता मैथिलीने तोंड वेडंवाकडं करून उजवा डोळा मिटला. डावा सरळ त्यांच्यावर रोखलेला होता.

"आबा," ती ओरडली, "तुझा टर्न!"