उतू गेलेलं दूध

मित्रांनो, आज माझ्याकडे बघून तुम्हाला खरं वाटणार नाही, पण एके काळी मी पांढरीशुभ्र होते. मी एक जुनी गॅसची शेगडी आहे. चार बर्नर, खाली ओव्हन, वर ओतीव लोखंडाच्या जड जाळ्या. आजवर माझं काम तापण्याचं होतं, बोलण्याचं नव्हतं. त्यामुळे ही गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

कारखान्यातून मी थेट अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात, या घरात आले. इथल्या शिक्षिकाबाई माझ्या ओव्हनमध्ये ॲपल पाय भाजायच्या. सगळं झालं की ओल्या फडक्यानं मला पुसायच्या आणि पाहुण्यांना म्हणायच्या, "हिच्यासारखी दुसरी नाही." मला किती बरं वाटायचं!

बाई गेल्या. घर विद्यार्थ्यांना भाड्यानं जाऊ लागलं. कुणी माझ्यावर नूडल्स करपवले, कुणी पिझ्झाचे रिकामे खोके रचले. आपोआप पेटण्याची माझी सोय बिघडली, तेव्हा दुरुस्त करण्याऐवजी कुणीतरी शेजारी काडेपेटी आणून ठेवली. बटणांवरची अक्षरं झिजली. चालू कुठे, बंद कुठे, हे बघून कळेनासं झालं.

मग अनया आली. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत वाढलेली, इथल्या विद्यापीठात शिकलेली आणि आता जर्सी सिटीत नोकरी करणारी मुलगी. साठवलेलं सगळं घालून तिनं हे घर भाड्यानं देण्यासाठी विकत घेतलं. तिचं हे पहिलंच घर. दर शनिवारी ती गाडी हाकत यायची. कुजके गालिचे तिनं स्वतः उपटले, भिंती खरवडल्या, रंगवल्या. मला घासताना तर तिची नखं तुटली.

"बाबा, ही बदलू या का? काडीनं पेटवायची म्हणजे इट्स सो वीअर्ड," ती म्हणाली.

तिचे बाबा उल्हास निवृत्त इंजिनीअर. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "काय धाड भरलीय तिला? असं लोखंड आता मिळत नाही. आम्ही जन्मभर काड्यांनीच पेटवलं."

मित्रांनो, मी सुखावले. तेव्हा मला पुढचं काही दिसत नव्हतं.

भाडेकरू यायचा दिवस उजाडला. हिमानी नावाची नागपूरची मुलगी, पीएचडी करायला आलेली. ती संध्याकाळच्या बसनं पोचणार होती. त्याआधी घराची छोटीशी पूजा करायची असा अनयाच्या आईचा, सुमेधाचा हट्ट होता. बाहेर बर्फ पडत होता आणि खिडक्या घट्ट लावलेल्या होत्या. घरभर ताज्या रंगाचा उग्र वास कोंडला होता.

सुमेधानं माझ्या पुढच्या बर्नरवर नव्या पातेल्यात दूध ठेवलं आणि काडी लावली.

"आई, उतू का घालवायचं? मी आत्ताच सगळं क्लीन केलंय!"

"भरभराट होते गं. पण पूर्वेकडून गेलं पाहिजे. पूर्व कुठे?"

अनयानं फोन काढला. "ईस्ट इज... फ्रिजकडे."

"नीट धर तो फोन," उल्हास म्हणाले. "मघाशी फ्रिज दक्षिणेला होता."

तिघंही हसत पातेल्याभोवती वाकले. दूध चढलं, कडेवर थबकलं आणि फ्रिजच्या बाजूनं भसकन खाली आलं.

"गेलं, गेलं! पूर्वेलाच गेलं!" सुमेधानं टाळ्या पिटल्या. पातेलं उचलून ती नैवेद्यासाठी बाहेरच्या खोलीत गेली. तिच्यामागून बाकीचे दोघंही गेले.

दुधानं माझी ज्योत विझली होती, पण गॅस चालूच होता.

सुमेधाला वाटलं, अनयानं बंद केला. अनयाला वाटलं, आईनं केला. बर्नरवर जाळ नव्हता आणि बटणावर अक्षरं नव्हती. माझ्या पोटातून सूं सूं करत गॅस बाहेर पडत होता आणि मला तो रोखता येत नव्हता. मी नुसती ऐकत होते.

"निरांजनात तूप घातलंस?" सुमेधाचा आवाज आला.

"घातलं. हिमानीचा मेसेज आहे, बसमधून उतरली. लवकर कर."

"अगं, काडेपेटी किचनमध्येच राहिली. आण बरं पटकन."

अनया आत आली. रंगाच्या वासानं तिचं नाक कधीच बधिर झालं होतं. माझ्याशेजारची काडेपेटी तिनं उचलली. "ही सादळली तर नाही ना?" असं पुटपुटत एक काडी बाहेर काढली. काडी पेटीच्या कडेला टेकली.

मला हात असते तर मी तो हात धरला असता.

तेवढ्यात तिची नजर माझ्या अंगावर वाळू लागलेल्या दुधावर गेली. "श्शी! डाग पडेल हिच्यावर." काडी तिथेच टाकून तिनं ओलं फडकं घेतलं आणि पुसायला अगदी माझ्या तोंडाशी वाकली.

आणि माझं सूं सूं कानावर पडताच तशीच थिजली.

तिनं बटण करकचून फिरवलं. "आई! बाबा! बाहेर! काहीही पेटवू नका, लाइटला हात लावू नका, जस्ट गो!"

"अगं, पण पूजा..."

"आई, गॅस आहे! चल!"

मागचं दार सताड उघडं टाकून तिनं दोघांना बर्फात ओढत नेलं. समोरून हिमानी बॅगा ओढत येत होती. "काय झालं, काकू?" तिनं विचारलं. सुमेधानं त्या अनोळखी पोरीला घट्ट जवळ घेतलं.

गॅस कंपनीचा माणूस येऊन गेला. घर वाचलं, माणसं वाचली. उल्हास पुन्हा माझ्यासमोर उभे राहिले. त्यांचा आवाज खाली गेला होता. "एखादा पार्ट बदलला तर अजून चालेल गं ही. शेगडीचा काय दोष?"

"दोष नाहीये, बाबा. पण उद्यापासून इथे मी नसणार. हिमानी असणार. तिनं रोज घाबरत चहा करायचा का?"

उल्हासांनी बाह्या सरसावल्या. माझ्या मागची नळी सुटल्यावर मला उचलायला पहिला हात त्यांनीच लावला.

आता मी रस्त्याच्या कडेला उभी आहे. भंगाराची गाडी यायची आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी 'आम्हाला टाकू नका' अशी विनवणी करतात म्हणे. मित्रांनो, मी तसं म्हणणार नाही. आम्हाला जपा, पुसा, वेळेवर दुरुस्त करा, म्हणजे आम्ही जवळ वाकणाऱ्याला खरं ते सांगतो. पण ज्या वस्तूच्या भरवशावर तुमचं माणूस निर्धास्त झोपणार नाही, ती दुसऱ्याच्या लेकीच्या घरात ठेवू नका.

ती वस्तू मी असले, तरीही.