चौथं उत्तर माझ्याकडे होतं

मी एक जुना तापमापक आहे, मित्रांनो. नारीनच्या डोंगरातल्या एका शाळेत, गणिताच्या वर्गाच्या खिडकीबाहेर माझा मुक्काम. कारखान्यात माझं शून्य बरोबर मध्यावर आखलं होतं, पण इथे निम्मं आयुष्य शून्याच्या खालीच गेलं. पूर्वी मुलं मला पाहूनच टोप्या कानांवर ओढायची. मग खिशाखिशांत फोन आले आणि माझ्याकडे कुणी ढुंकून पाहीना. मला फार वाईट वाटायचं.

अशात मेंढपाळ ओमुरझाकची अकमोर शेवटच्या वर्गात आली. देशपातळीवरच्या परीक्षेत चांगले गुण पडले तर सरकारी जागेवर डॉक्टरकी, नाहीतर राजधानीत, बिश्केकला काकूच्या शिवणकारखान्यात, असं घरी ठरलं होतं. पोरगी हुशार, पण 'दोन रकमांत मोठी कोणती' या प्रश्नांनी तिला रडकुंडीला आणलं. उत्तरं चार: पहिली, दुसरी, दोन्ही सारख्या, किंवा सांगता येत नाही. ते चौथं तिला पळपुटं वाटे.

त्या हिवाळ्यात बुरुल एजेंनी फळ्यावर एकीकडे 'क्ष' आणि दुसरीकडे 'क्षची दुप्पट' लिहिलं. एजे म्हणजे ताई. आमच्याकडे बाईंना असंच म्हणतात.

"दुप्पटच मोठी की, एजे! हे काय विचारणं झालं?"

"क्ष किती धरलास?"

"पाच."

"मेंढ्या मोजतेस होय गं? मेंढपाळाची लेक, एकाच्या खाली उतरायची नाहीस! बाहेर बघ, किती आहे?"

अकमोरने तावदानावरची वाफ बाहीने पुसली. "उणे वीस."

"याची दुप्पट?"

"उणे चाळीस... अगंबाई, ही तर लहान झाली!"

"मेंढ्यांसकट आपणही गोठलो म्हण की!" मागच्या बाकावरून मेदेर ओरडला.

"मग क्ष ठाऊक नसताना मोठी कोणती?"

"सांगता येत नाही, एजे," अकमोर हळूच म्हणाली.

वसंतात परीक्षा झाली. निकाल येईना. त्यातच शाळेला नव्या खिडक्या बसल्या आणि कामगारांनी मला जुन्या चौकटींच्या ढिगावर भिरकावलं. संपलं आपलं, असं मला वाटलं.

एके दुपारी अकमोर धावत आली. "एजे, जागा मिळाली! तसलाच प्रश्न होता. पाच धरणार होते, तेवढ्यात आपला तापमापक आठवला. अन् तो कुठंय?"

तिने ढीग उपसला, मला शोधून ओढणीने पुसलं. तिच्या मागोमाग आलेल्या ओमुरझाकने नव्या खिडकीबाहेर स्वतः खिळे ठोकून मला टांगलं. तिला जागा मिळाली आणि मलाही. हुश्श!

मित्रांनो, जुनी वस्तू टाकताना एकदा हातात घेऊन बघा. आणि कुठलीही तुलना करताना माझ्या खालच्या अर्ध्या अंगाकडेही नजर टाका. तिथेही आकडे राहतात.